सुताराच्या विहिरीपासून डावीकडं

मंडळी, ब्लॉगचा विषय सापडला!

पंधरा दिवस नुसतं कोरं पान उघडून बसलेय. प्रवासावर लिहावं तर सास्तूर सोडून फार कुठं गेले नाही, स्वयंपाकावर लिहावं तर माझी भाकरी अजून तव्यावर फुटते.

आज दुपारी एका पाहुण्यानं मोटरसायकल थांबवून आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, एक घर विचारलं. अण्णा म्हणाले, "सरळ जावा, सुताराच्या विहिरीपसून डावीकडं वळा."

पाहुणा दोन चकरा मारून परत आला. "विहीर कुठं दिसंना की!"

दिसणार कशी? ती जुन्या गावात होती. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव गेलं, मग हे सरळ रस्त्यांचं नवं गाव वसलं. मी जन्मले ती इथंच. अण्णा मात्र अजून तिथल्याच गल्लीतून चालतात.

अण्णा ओशाळले. पाहुण्याला मी घर दाखवून आले आणि विचारलं, "अण्णा, विहिरीच्या उजवीकडं कोण राहायचं?"

झालं! अण्णांनी काडी घेतली आणि अंगणातल्या मातीत अख्खं गाव काढलं. कुणाच्या दारात चिंच, कुणाच्या कट्ट्यावर बाया वाती वळायच्या, सगळं. मी लिहून लिहून दमले, पण लई भारी वाटतंय!

अण्णांच्या त्या गावाची पहिली पोस्ट ब्लॉगवर आत्ताच टाकली. तुमच्या घरात कोण अजून जुन्या गावावरून पत्ता सांगतं? कळवा, मी लिहून घेते.

अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी मोबाईलला हळूच बोट लावलं आणि एवढंच विचारलं, "ह्यातलं गाव हलत न्हाय न्हवं?"