एकशे बारा पांढरे रुमाल

गल्लीत तिला कडकमावशी म्हणतात. कपड्यांना खळ घालणाऱ्या बाईला असे नाव पडावे यात नवल नाही. पण ज्यांनी तिचे बोलणे ऐकले आहे, त्यांना खळीचा संबंध नंतर आठवतो. तिच्या लाँड्रीला यंदा एकोणतीस वर्षे झाली. पुढे दुकान, मध्ये धुण्याची खोली, मागे राहण्याची खोली आणि वर गच्ची. धुणे तिच्या थोरल्या नणंदेकडे, आक्कांकडे, इस्त्री नवऱ्याकडे, आणि गिऱ्हाइकाशी भांडण, म्हणजे उरलेला सगळा व्यवहार, तिच्याकडे. प्रत्येक घराला एक आकडा दिलेला असतो आणि तो लाल दोऱ्याने कॉलरच्या आतल्या बाजूस टाचलेला असतो. मावशी माणसांना नावाने नव्हे, आकड्याने ओळखते. ‘सत्तावीसच्या घरी लग्न ठरलंय,’ असे ती म्हणते, कारण सत्तावीसकडून अचानक नव्या साड्या येऊ लागलेल्या असतात.

या घराचा एक कायदा आहे. तो आक्कांनी केला आणि मावशी लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या हातावर चापट मारून शिकवला : डाग राहिलेला कपडा उंबरा ओलांडणार नाही. मग गिऱ्हाईक दारात उभे राहून ओरडले तरी चालेल.

तीन वर्षांपूर्वी गल्लीच्या मागच्या भिंतीपलीकडे जुने टायर जाळून तेल काढणारा कारखाना सुरू झाला. त्याच्या धुराड्यातून पडणारी काजळी साधी नसते. ती तेलकट असते. झटकायला जावे तर पसरते, पाणी लावावे तर बसते. पहिल्या वर्षी गल्लीतल्या अकराही लाँड्र्यांनी कपडे दोनदोनदा धुतले. दुसऱ्या वर्षापासून गच्च्या ओस पडल्या आणि दोऱ्या घरात आल्या. मावशीच्या मागच्या खोलीत आता आठ दोऱ्या आहेत. त्या ओल्या कपड्यांच्या खाली अंथरुणे पडतात आणि त्या दमट हवेत तिचा नवरा दिवसभर इस्त्री फिरवतो. दीड वर्षापूर्वी तो खोकू लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून सांगितले, ‘बाहेर धूर, आत ओल. दोन्हीपैकी एक तरी बंद करा, नाहीतर ही जागा सोडा.’

‘जागा सोडून जायचं कुठे?’ नवऱ्याने विचारले.

‘आपण नाही जायचं,’ मावशी म्हणाली. ‘धुराडं जाईल.’

अर्ज लिहिला तो समोरच्या माडीवरच्या निवृत्त मास्तरांनी. आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे त्यांच्या निवेदनात विशेषणे नव्हती, आकडे होते. मावशी घरोघर फिरली. कपड्यांच्या गठ्ठ्याबरोबर अर्जाचा कागद घेऊन गेली आणि सही झाल्याखेरीज गठ्ठा दिला नाही. चारशे अडतीस सह्या जमल्या. एकजण म्हणाला, ‘मावशी, सहीनं धूर थांबतो होय?’ ती म्हणाली, ‘तुझ्या शर्टाला बटण लावलं तर थंडी थांबते का? तरी लावतोस ना? कर सही.’

दीड महिन्याने सरकारी कार्यालयाकडून उत्तर आले. ‘आपले निवेदन संबंधितांकडे उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित करण्यात आले आहे.’ मावशीने ते वाक्य मास्तरांकडून तीनदा वाचून घेतले.

‘संबंधित म्हणजे कोण?’

मास्तरांनी चष्मा पुसला. ‘कारखानाच की.’

म्हणजे चोराविरुद्धची तक्रार चोराच्याच पत्त्यावर रवाना झाली होती आणि त्याचा अभिप्राय मागवण्यात आला होता. तो आलाही. धूर विहित मर्यादेत आहे, परिसरातील काजळी गल्लीतील लाँड्र्यांच्या भट्ट्यांमुळे होत असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे कारखान्याने कळवले. गल्लीतल्या सगळ्या भट्ट्या गॅसवर चालतात. हे तपासायला कुणी दोन पायऱ्या उतरून आत डोकावले असते तरी पुरे होते. पण डोकावणे ही कृती आहे आणि शक्यता न नाकारणे ही कार्यवाही आहे. कार्यालयाला दुसरीच ठाऊक होती. पुढे पाहणी झाली ती आठ दिवसांची आगाऊ सूचना देऊन. त्या दिवशी धुराडे झोपलेल्या मांजरासारखे शांत होते. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा धुरू लागले आणि त्याच आठवड्यात कार्यालयाच्या फलकावर नोटीस लागली : कारखान्यास दुसऱ्या भट्टीची परवानगी देण्याबाबत चार महिन्यांनी सुनावणी, हरकती पुराव्यासह मांडाव्यात.

‘पुरावा,’ मावशी म्हणाली. ‘पुरावा हवाय होय त्यांना!’

कुणी परत न नेलेल्या पांढऱ्या चादरी तिने फाडल्या आणि वीतभर रुमाल केले. रोज सकाळी सात वाजता एक रुमाल गच्चीवर टांगायचा, दुसऱ्या दिवशी सातला काढायचा, नवा लावायचा. कोपऱ्यात लाल दोऱ्याने तारीख. मास्तर म्हणाले, शाईने लिहा, वेळ वाचेल. ‘शाई कागदाला,’ ती म्हणाली. ‘कपड्याला दोरा.’ असे एकशे बारा दिवस झाले. काही रुमाल करडे, काही काळपट. ज्या दिवशी वारा गल्लीच्या दिशेने होता त्या दिवसांचे तर चुलीतून काढल्यासारखे. ते एकावर एक रचून पाहिले की वर्षाच्या जवळपास एका तृतीयांशाचा हिशेब शब्दाशिवाय वाचता येत होता. मास्तरांनी तो गठ्ठा पाहिला आणि म्हणाले, ‘चाळीस वर्षांत असा ताळा पाहिला नाही.’

आक्का हे सारे दिवस लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. त्या परतल्या सुनावणीच्या आदल्या दुपारी. मावशी तेव्हा कपडे पोचवायला बाहेर होती, ती रात्रीच परतणार होती. आक्कांनी भावाला विचारले, ‘हा कसला रे गठ्ठा?’ खोकल्याच्या दोन उबळींमध्ये त्याला जेवढे बोलता आले तेवढे तो बोलला : ‘उद्या साहेबांपुढे जायचाय. तिनं बांधून ठेवलाय.’

पुढचे सांगण्याची गरज नसावी. सकाळी साडेनऊला मावशीने गठ्ठा उघडला तेव्हा एकशे बारा रुमाल तिच्यासमोर होते. धुतलेले, नीळ दिलेले, कडा जुळवून घडी घातलेले. लाल दोऱ्यातल्या तारखा तेवढ्या जागच्या जागी होत्या.

‘आक्का!’

‘काय गं? दोन घाणे काढावे लागले. हात बघ माझे, सोलले. अशी घाण साहेबापुढे नेणार होतीस? घराची अब्रू काय राहिली असती?’

‘ती घाण होती म्हणूनच नेणार होते, आक्का. ती त्यांची घाण होती.’

आक्का खाली बसल्या. मावशीला ओरडता आले नाही, कारण जो कायदा मोडला नाही म्हणून हे झाले, तो तिचाही कायदा होता. तिने तोच गठ्ठा काखेत मारला आणि मास्तरांना घेऊन ती निघाली.

सुनावणीच्या खोलीत पंखा होता, पाण्याच्या बाटल्या होत्या, खिडक्या बंद होत्या. साहेबांनी एक रुमाल उलगडला, उलटा केला, मास्तरांकडे पाहिले.

‘हे तर पांढरेशुभ्र आहेत.’

‘धुतले गेलेत साहेब,’ मावशी म्हणाली. ‘चुकून. आमच्या घरात मळकं काही टिकत नाही.’

कारखान्याचा प्रतिनिधी खुर्चीत मागे रेलला. ‘चांगली जाहिरात आहे तुमच्या लाँड्रीची.’

खोलीत हशा पिकला. लिपिकही हसला. चारशे अडतीस माणसांच्या श्वासाचा प्रश्न त्या हशात बुडाला आणि कुणाला ओले लागले नाही. साहेबांनी तोंडी सांगून लिहवून घेतले : ‘अर्जदारांनी सादर केलेले वस्त्राचे नमुने स्वच्छ आढळले.’ मग ते म्हणाले, ‘सोमवारपर्यंत दुसरा काही पुरावा असेल तर आवक खिडकीवर द्या. नाहीतर परवानगी देण्यास हरकत दिसत नाही.’ सही करण्यासाठी ते वाकले. कॉलर किंचित उलटली आणि मावशीला आत लाल दोऱ्यात एकसष्ट दिसले.

एकसष्टचे सहा शर्ट दर आठवड्याला एक शिपाई आणतो आणि नेतो. ते कुणाचे, हे तिने कधी विचारले नव्हते. आणि आपले कपडे कुठे धुतले जातात, हे साहेबांनाही ठाऊक नसणार. परतताना गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

‘मास्तर, आपणच मूर्ख. दोन वर्षं झाली, नवरा ओलीत कुजवतेय, कशासाठी? एकसष्टच्या शर्टावर काजळी दिसू नये म्हणून. त्याला धूर दिसणार कसा? आपणच तर रोज पुसून देतोय.’

त्या संध्याकाळी अकराही लाँड्र्यांची माणसे तिच्या दुकानात दाटीवाटीने उभी राहिली. वाद झाला. गिऱ्हाईक तुटेल, असे एकजण म्हणाला. ‘दुसरी भट्टी लागली की गिऱ्हाईक आहे नि लाँड्री नाही, असं होईल. मग त्याला काय मिठी मारणार?’ मावशीने विचारले. शेवटी सर्वांचे डोळे आक्कांकडे वळले, कारण गल्लीतल्या निम्म्या लोकांनी धुणे त्यांच्याच हाताखाली शिकले होते.

आक्का उठल्या. मागच्या खोलीतल्या दोरीवरून त्यांनी एकसष्टचे सहा शर्ट काढले, एकेक झटकला आणि स्वतः गच्चीवर जाऊन वाळत घातला. मग त्या खाली आल्या. ‘धुतलेत मी स्वच्छ,’ एवढेच त्या म्हणाल्या. ‘ते ध्यानात असू दे सगळ्यांच्या.’

शनिवार, रविवार गल्लीच्या गच्च्या दोन वर्षांनी भरल्या. कार्यालयाचे पडदे, साहेबलोकांचे शर्ट, टेबलांवरची कापडे. आणि सहाव्या दुकानात येणाऱ्या कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरीसुद्धा. सोमवारी आवक खिडकीपुढे अकरा गठ्ठे घेऊन अकरा जण रांगेत उभे राहिले. प्रत्येक गठ्ठ्यावर निवेदनाची प्रत टाचलेली होती.

‘कपडे इथं घेत नाहीत,’ लिपिक म्हणाला.

‘पुरावा घेतात ना?’ मावशीने विचारले. ‘आवक क्रमांक घाला.’

‘कपड्यावर क्रमांक कसा घालू?’

‘तो आम्ही घातलाय. कॉलर उलटा आणि वहीत लिहा.’

आवाज चढले तसे साहेब बाहेर आले. वरचाच शर्ट फिक्या निळ्या पट्ट्यांचा होता आणि खांद्यापासून खिशापर्यंत त्यावर काळ्या तेलकट बोटांसारखे ओघळ होते. त्यांनी तो ओळखला.

‘हा माझा शर्ट आहे.’

‘होय. गेल्या बुधवारी आला. धुऊन गच्चीवर दोन दिवस ठेवला, बस. हा नमुना कसा आढळला, तेही लिहून घ्या, साहेब.’

या वेळी कुणी हसले नाही. रांगेत मागे कुठेतरी खोकल्याची उबळ आली; मावशीचा नवरा गठ्ठा खाली न ठेवता खोकत होता. साहेबांनी निवेदनाची प्रत घेतली, उभ्यानेच तिच्यावर दोन ओळी लिहिल्या : परवानगी तूर्त स्थगित, स्थळपाहणी पूर्वसूचनेविना करावी. लिपिकाने अकरा नोंदी केल्या.

धुराडे अजून आहे. पाहणी झाली आहे, अहवाल यायचा आहे, आणि मावशी दर सोमवारी खिडकीवर जाऊन तो मागते. नव्याने टांगलेले रुमाल ती आता स्वतःच्या कुलपात ठेवते. त्या दिवशी साहेब आत वळताना अवघडून म्हणाले होते, ‘बाई, नोंद झाली आहे. शर्ट तेवढे धुऊन परत पाठवाल का?’

‘पुरावा धुता येत नाही, साहेब,’ ती म्हणाली होती. ‘एकदा चुकलं आमचं.’