जायलीय म्हणजे गेली नव्हे

काल निकम साहेब गेले आणि मला आधी हायसं वाटलं.

लिहायला बरं दिसत नाही, पण खरं आहे. फार हाल चालले होते त्यांचे. शिवाय मी वेळेत पोचले, तेही एका शब्दामुळे.

तो शब्द म्हणजे 'जायलीय'.

नामांतराची वर्षं होती. मी परभणीला कॉलेजात. माझे वडील, अण्णा, पूर्णेच्या अलीकडच्या आमच्या स्टेशनात शंटिंगचं इंजिन चालवायचे. स्टेशनच्या दोन टोकांना सिग्नलच्या दोन केबिनी होत्या. खिडकीतून गाडी बघायची, मगच रूळ बदलायची लेव्हर ओढायची, असा कारभार.

मग वरून फर्मान आलं. दोन्ही केबिनी बंद, सगळं स्टेशनातल्या एकाच खोलीत. माणसं कमी, खर्च कमी!

"आन् सेफ्टीचं काय?" अण्णांनी विचारलं.

"फोन दिलाय की," उत्तर मिळालं.

त्या खोलीत बसायला निकम साहेब आले. साताऱ्याकडचे, नवेकोरे. आमची बोली त्यांना निम्मीच कळायची. उरलेली अंदाजाने.

पहिल्याच आठवड्यातली दुपार. लांबलचक मालगाडी सुटली होती. ती पुढे सरली की अण्णांचं इंजिन त्याच लाईनीवर घ्यायचं होतं. खोलीतून गाडी बाहेर पडायचं टोक दिसायचं नाही. तिथल्या फाटकावर दगडूमामा होते, त्यांचा फोन आला.

"सायब, मालगाडी जायलीय!"

साहेबांचा हात लेव्हरवर गेला. साताऱ्याच्या कानाला ते 'गेलीय'च वाटलं. आमच्याकडे 'जायलीय' म्हणजे अजून जातेय, हे त्यांना कोण सांगणार?

पण माणूस स्वभावाने चिकट. एकच गोष्ट दोनदा विचारायची खोड. सगळे वैतागायचे त्यांच्यावर.

"मामा, शेवटचा डबा दिसला का तुम्हाला?"

"कुठला दिसायलाय सायब! अर्धी गाडी हितंच हाय अजून. जायलीय म्हणलं की मी!"

साहेबांनी हात काढून घेतला.

इकडे अण्णा शिट्टीवर शिट्टी मारत होते. शेवटी भांडायलाच खोलीत गेले. बघतात तर साहेब घामाघूम. काय होता होता राहिलं, ते त्यांनीच सांगितलं.

लेव्हर ओढली असती तर अण्णांचं इंजिन चालत्या मालगाडीत घुसलं असतं.

घरी येऊन अण्णांनी हे सांगितलं. आई आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "त्येन्ला जेवायला बोलवा. लय चांगला माणूस हाय."

साहेबांनी वरच्यांना सांगितलं, "खर्च वाचवा, पण त्या टोकाला दोन डोळे ठेवा." बरीच ओढाताण झाली, पण त्या टोकाला, फाटकवाल्याशिवाय, फक्त गाड्या बघायला एक माणूस परत मिळाला. आणि त्यांच्या खोलीतला नियम ठरला: 'जायलीय', 'गेली' काही बोलायचं नाही. 'शेवटचा डबा दिसला' म्हणायचं, मगच लाईन.

स्टेशनातले लोक त्यांची लय खेचायचे. "सायब, जेवलेत का जेवायलेत?"

साहेब हसायचे. पुढे परभणीतच राहिले, त्यांचा मुलगा अजय तर आमच्यासारखाच बोलतो.

काल सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, बाबा जायलेत."

'गेले' म्हणाला नाही. मी तशीच निघाले. एसटी मिळाली, दवाखाना गाठला. हात हातात घेतला, तर डोळे उघडले.

"यायलीस?" पुटपुटले.

"यायले न्हाई साहेब. आले."

ओठ हलले. हसलेच ते, मी ओळखते.

दुपारी शांत झाले. अण्णा त्या मालगाडीच्या दिवसानंतर कितीतरी वर्षं आमच्यात होते. माझ्या लग्नात नाचले, नातवंडं खांद्यावर घेऊन फिरले. ते सगळं त्या एका प्रश्नामुळे.

साहेब, शेवटचा डबा दिसला.
लाईन मोकळी आहे.
सावकाश जा.