तांब्याच्या कुऱ्हाडीवरचा सहावा ठिपका

वार्ताहर असताना भुताखेतांच्या बातम्या मी वाचून बाजूला ठेवत असे. प्रत्यक्ष पाहणारा माणूस समोर नसेल तर ओळ छापायची नाही, हा आमचा नियम. या हकिगतीत पाहणारा मीच आहे, म्हणून लिहितो.

स्थळ रनाळे, पश्चिम खानदेश. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आप्पा नावाच्या शेतकऱ्याला नांगरताना तांब्याची प्राचीन कुऱ्हाड सापडली. त्यांच्या पत्नी जिजाबाईंनी ती चिंच-मीठ लावून घासली. मीठ तांब्यात मुरले, आणि काही दिवसांत हिरवट भुकटीचे पाच ठिपके उठले. ही भुकटी तांबे आतून खात जाते.

गावातल्या निवृत्त विज्ञान शिक्षकांनी, मास्तरांनी, ठिपके सुईने कोरले आणि कुऱ्हाड सोड्याच्या पाण्यात भिजवली. ज्या संग्रहालयाला ती द्यायची होती, त्याची अट कडक होती — दमट बरणीत आठ दिवस नवा ठिपका उठला नाही, तरच स्वीकारू. नाहीतर आप्पा ती तांबटाला वितळवायला देणार होते. मास्तरांची नजर अधू, म्हणून नोंद माझ्याकडे; मी बातमीसाठी गावात राहिलो होतो. रोज सकाळी पातळ कागदावर कुऱ्हाडीचा आकार गिरवायचा, दिसेल तो ठिपका पेन्सिलने मांडायचा.

"मन्हा तापमा कोनी इतलं दखं नही," रोजची ही पाहणी बघून आप्पा म्हणाले.

"तुम्हना ताप उतरस. हाऊ रोग उतरस नही," जिजाबाई म्हणाल्या. "चूक मन्ही शे, मी दखसू."

सातव्या सकाळी कुऱ्हाड स्वच्छ होती. मी कोरा आकार गिरवला, खाली 'ठिपका नाही' लिहिले आणि कागद माझ्या पेटीत ठेवून कुलूप लावले. किल्ली माझ्या खिशात. दुपारी पेटी उघडली, तेव्हा त्या कागदावर पात्याच्या धारेजवळ एक ठिपका होता... माझ्याच पेन्सिलचा, मी काढतो तसा, भोवती बारीक वर्तुळ असलेला.

बरणीतली कुऱ्हाड पुन्हा पाहिली. ती जागा गुळगुळीत, तपकिरी.

"तुम्ही काढून विसरलात," मास्तर म्हणाले.

"न दिसलेले मी काढत नाही. तिथे सुईने टोचून पाहा."

"धड जागा टोचली तर मीच कुऱ्हाड बिघडवली, असे होईल."

मग जिजाबाई बोलल्या. "कागद खोटा निंघना तर एक ओरखडा पडी. खरा निंघना नि आपण बशी ऱ्हायनूत, तर कुऱ्हाड जाई. टोचा, मास्तर."

मास्तरांनी सुई लावली. तपकिरी पापुद्रा फुटला, आत फिकट हिरवी भुकटी भरली होती. मास्तरांनी जागा कोरली, सोड्याचे पाणी पुन्हा उकळले, कुऱ्हाड त्यात भिजवून परत बरणीत ठेवली आणि आठ दिवस पहिल्यापासून मोजायला घेतले. जिजाबाई रोज बरणीच्या तळाचे पाणी बदलायला येत राहिल्या. या खेपेला एकही ठिपका उठला नाही, ना कुऱ्हाडीवर ना कागदावर.

संग्रहालयाचे अधिकारी आले. त्यांनी सर्व कागद क्रमाने पाहिले आणि सातव्यावर थांबले.

"खाली 'ठिपका नाही' लिहिले आहे, वर ठिपका आहे. आणि चांगली जागा टोचण्याचे कारण?"

कागद बदलून देणे सोपे होते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. अधिकाऱ्यांच्या नोंदपत्रात कारणाचा रकाना होता; त्यात मी लिहिले — 'कारण माहीत नाही.'

"असे कारण चालत नाही," अधिकारी म्हणाले.

मी ते खोडले नाही. तरीही त्यांनी कुऱ्हाड संग्रहालयासाठी घेतली. तो रकाना आजही तसाच आहे.