विहारातल्या कार्डावरचे आवाज

दिघ्यात मी जिथे वाढले, तिथल्या विहारात टीव्हीच्या मागे एक छोटा कॉम्प्युटर चिकटवलेला आहे. पत्त्यांच्या कॅटएवढा. तो मीच बसवला होता. मी आता नेरूळला राहते आणि बेलापूरच्या एका कचेरीत कंत्राटावर काम करते. काम म्हणजे दिवसभर लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करायचे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कुणी कॉम्प्युटरचं नाव काढलं तरी माझं डोकं दुखतं. पण विहारातून फोन आला की नाही म्हणता येत नाही.

त्या डबीत विहारातल्या बायकांचे आवाज होते. एका पावसाळ्यात, वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू असताना, सगळ्याजणींनी ठरवलं की प्रत्येकीने आपण गावाकडून इथे कशा आलो ते सांगायचं. कुणी जालन्याकडची, कुणी महाडकडची. मी मोबाइल समोर धरून सगळं रेकॉर्ड केलं आणि त्या कॉम्प्युटरवर भरलं; तो मोबाइल पुढे मोडीत गेला. रविवारी वंदना झाली की एखादीचं बोलणं स्पीकरवर लावायचे. त्यात माझ्या आईचंही होतं. आई पुढे वारली.

फोन केला तो विहाराच्या सेक्रेटरींनी. "ताई, टीव्हीवर नुसती पांढरी अक्षरं येऊन थांबलंय. आमी दोनदा बंद-चालू केला, काय पण होत नाय."

"आत काय आहे त्याची पेनड्राइव्हवर एक कॉपी दिली होती ना मी?"

ते म्हणाले, "ती जयंतीच्या मिरवणुकीला गाणी भरायला घेतली पोरांनी. पहिलं होतं ते उडवलं वाटतं."

रागवायलाही जोर लागतो. मी स्कूटर काढली आणि ठाणे-बेलापूर रोडने गेले.

टीव्हीवरच्या अक्षरांचा अर्थ साधा होता. हा कॉम्प्युटर चालू झाला की स्वतःची सगळी सिस्टीम एका नखाएवढ्या मेमरी कार्डावरून वाचतो. सुरुवातीचा थोडा भाग त्याला वाचता आला होता, पुढचा मुख्य भाग सापडत नव्हता, म्हणून तो वाट पाहत थांबला होता. किती वेळ थांबणार, तर कायमचा. मी कार्ड काढून पाकिटात घातलं.

"माजी माय मिळंल का गं त्यात?" एका मावशींनी विचारलं. त्यांच्या आईचंही बोलणं होतं त्यावर.

"बघते," म्हटलं. ऑफिसातही मी दिवसभर हेच म्हणते.

घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून कार्ड लावलं. अशा वेळी दुरुस्ती आधी करायची नसते. मरायला टेकलेल्या कार्डावर काही लिहायला गेलं तर उरलेलंही जातं. आधी त्याची जमेल तेवढी नक्कल काढून घ्यायची. वाचता येत नाही ती जागा सोडून पुढे जायचं, सगळं झालं की मागे येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. हे काम कॉम्प्युटरच करतो, पण फार हळू. मी ऑफिसला जायची, परत यायची, तरी ते चालूच. नवरा ताट मांडायला जागा शोधायचा आणि शेवटी सोफ्यावर बसून जेवायचा.

नक्कल झाली तेव्हा कळलं की फाइल कुठे आहेत हे सांगणारा पहिला भागच खराब झालाय. त्यातली लिनक्स सिस्टीम त्या भागाच्या आणखी प्रती पुढे ठेवते. पुढची एक प्रत धड होती. तिच्या आधाराने तपासणी चालवली आणि फोल्डर दिसायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसती खुर्चीत मागे टेकले.

पहिली फाइल उघडली ती आईची. ती सांगत होती की ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर बसून आलो, मी तिच्या मांडीवर तापाने फणफणत होते, आणि खाडीचा वास आल्यावर तिला वाटलं की इथे माणसं कशी राहत असतील. "मग म्या हिच्या बापाला म्हणलं," एवढं बोलली आणि आवाज तुटला. पुढे नुसती खरखर. मी ती जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावली. कार्ड तापत होतं, वाचत नव्हतं.

बाकीची बरीच निघाली. त्या मावशींच्या आईचं सगळं मिळालं. आक्कांचंही अगदी शेवटपर्यंत आलं. आक्का म्हणजे आमच्या शेजारच्या, आईच्या बरोबरीने त्याच ट्रकमधून आलेल्या.

नव्या कार्डावर सगळं चढवलं, तर कॉम्प्युटर पुन्हा त्याच ओळीवर अडला. तो अजून जुन्या कार्डाचाच नंबर शोधत होता. तो नंबर बदलला, घरी मस्त चालू झाला. विहारात नेऊन लावला तर पुन्हा बंद. टीव्हीच्या कोपऱ्यात विजेचं छोटं चिन्ह लुकलुकत होतं. मागे हात घालून पाहिलं, तर मी दिलेला चार्जर गायब आणि त्या जागी कुणाच्या तरी मोबाइलचा जुना. त्याची वीज पुरत नव्हती, आणि कार्डही बहुधा त्यानेच खाल्लं. मी फरशीवरच बसले. कुणी लावला हे विचारलंसुद्धा नाही. स्टेशनजवळच्या दुकानातून चांगला चार्जर आणला, लावला आणि सगळं चालू झालं. मावशींनी आपल्या आईचं बोलणं उभ्यानेच ऐकलं, पदर तोंडाला लावून.

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, "मपलंबी निघालं का गं माय?"

"सगळं निघालं आक्का. एक अक्षर गेलं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं गेलं. बरं वाटलं हुतं."

आक्कांनी त्या रेकॉर्डिंगमध्ये आपल्या थोरल्या मुलीचं सांगितलं होतं. ट्रकमध्ये जागा नव्हती म्हणून तिला गावी सासूपाशी ठेवलं, आणि ती तिथेच आजारी पडून गेली. तेव्हा सगळ्या रडल्या होत्या, मीही. पण नंतर ते अधूनमधून रविवारी स्पीकरवर लागायचं. चहाचे कप फिरत असायचे, लहान पोरं पळत असायची.

"एकदा बोलले ते बोलले," आक्का म्हणाल्या. "पर ते सारकं सारकं वाजवू लागले. सुनंच्या माहेरची माणसं आली तवाबी लावलं. मला कुणी इचारलं नाही. काढून टाक त्याला."

मला राग आला. आईचा तो एक तुटलेला शब्द मिळावा म्हणून मी कार्ड जाळायचं बाकी ठेवलं होतं, आणि हिचं धडधाकट मिळालेलं हिला नको होतं. मी म्हटलं, "आधी एकदा ऐका तरी."

हेडफोन त्यांच्या कानाला लावले. त्या डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"नीट सांगितलंय म्या," म्हणाल्या. "आता काढ."

मी फाइल पुसली. त्या बघत होत्या, म्हणून खरं ते सांगितलं, की पुसलं तरी ते लगेच जात नाही, शोधणाऱ्याला सापडतं, त्यावर दुसरं काही लिहिलं की मगच जातं, आणि इथलं ते मी आत्ताच करते. शिवाय माझ्या घरच्या लॅपटॉपवरही नक्कल आहे.

"मग तिथलंबी काढ. तुझ्यावर इश्वास हाय."

उठताना मी विचारलं, "आक्का, ट्रकमधून उतरल्यावर आई बाबांना काय म्हणाली होती? तुम्ही होतात ना तिथे?"

त्यांनी बराच विचार केला. मला वाटलं, आता सांगतील.

"न्हाई आठवत गं माय. लई आवाज हुता ट्रकचा. तिचं तिलाच ठावं."

घरी येऊन मी आक्कांची फाइल नक्कलेतूनही काढली आणि उरलेली रिकामी जागा शून्यांनी भरायला लावली. ते चालू असताना नवऱ्याने पोळ्या गरम केल्या. मी टेबलाची एक बाजू मोकळी केली आणि आम्ही दोघं तिथे जेवायला बसलो. तो म्हणाला, "झालं का एकदाचं?" मी हो म्हटलं. आईची ती अर्धी फाइल मात्र मोबाइलवर घेतली आहे. ती पुन्हा अजून ऐकलेली नाही.