घरी येण्याची तालीम

इस्पितळातून घरी परतण्याइतका धोक्याचा प्रवास जगात दुसरा नाही, असे ठामपणे मानणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात एकच असावा, आणि तो माझ्या मुलाचा सासरा आहे. शस्त्रक्रियेची या माझ्या व्याह्यांना भीती वाटत नाही. भूल, सुया, रक्त यांविषयी ते हवापाण्याविषयी बोलावे तसे बोलतात. परंतु ‘उद्या सोडणार आहेत’ हे शब्द कानी पडले की त्यांचा चेहरा गंभीर होतो. “सोडणार म्हणजे कुठे सोडणार?” असे ते विचारतात. “घरी,” असे उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न ठरलेला: “घर बघितलंय का कुणी?”

घर बघणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने स्वतः रुग्ण होणे. व्याही आंब्याचे बागायतदार, अंगाने भरदार. ज्याला घरी आणायचे त्याच्या खाटेवर आधी ते स्वतः आडवे होतात. रुग्णाचा पाय अधू असेल तर आपल्या त्याच गुडघ्याला पंचा करकचून बांधतात. डोळ्याचे ऑपरेशन असेल तर एका डोळ्यावर रुमाल. मग खाटेपासून न्हाणीघरापर्यंत कण्हत जातात आणि वाटेत पायाला जे लागेल ते घरातून हलवायला लावतात. एका शेजाऱ्यांकडे अशी तालीम चालू असताना गावाहून आलेल्या आत्याबाईंनी त्यांनाच रुग्ण समजून शहाळे पाजले, कपाळाला अंगारा लावला आणि डोळे पुसले. व्याह्यांनी शहाळे निमूटपणे संपवले आणि रिकामे शहाळे जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवल्याबद्दल आत्याबाईंना समज दिली.

त्यांची दुसरी सवय याहून विचित्र. ते कधीही, कुणालाही, हाक मारत नाहीत. ज्याच्याशी बोलायचे त्याच्यापर्यंत चालत जातात आणि समोर उभे राहून हलक्या आवाजात बोलतात. एकदा बागेत वानरे शिरली. राखणीचा गडी दुसऱ्या टोकाला पाठमोरा बसला होता. व्याही संथपणे चालत त्याच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, “वानरं आली आहेत.” तोवर वानरे खाऊन निघूनही गेली होती. “अण्णा, बोंब मारायची ना!” गडी कळवळला. “आणि तू कातळावरून धावत सुटला असतास म्हणजे?” व्याही म्हणाले. आम्ही या गोष्टीवर पुष्कळ हसलो.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, खुब्याचे हाड मोडले. भाट्ये गावातल्या घरी ती एकटी राहते, मुलगा ठाण्याला. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण सोडण्याचा दिवस जवळ आला तसा खरा प्रश्न उभा राहिला. भाचा म्हणाला, “मामा, मी तिला ठाण्यालाच नेतो, कायमची. इथे परत पडली तर कोण बघणार?” आक्का म्हणाली, “तुझ्या त्या उंच मजल्यावर खिडकीतून काय बघू, ढग? मला माझ्या घरी न्या.” दोघांचेही म्हणणे बरोबर होते, हीच अडचण होती. अखेर असे ठरले की व्याह्यांनी घर पाहावे. त्यांनी पसंत केले तरच आक्का भाट्याला राहील.

मी जन्मभर भूमिती शिकवलेली. खाटेची उंची आक्काच्या गुडघ्याशी मी स्वतः ताडून घेतली. संडासात उंच बैठक बसवली, न्हाणीघरात धरायला दांडा, उंबरठ्यावर उतरती फळी. सतरंज्या माळ्यावर गेल्या. टाके काढण्याचा दिवस आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची वेळ ठरली. शेजारची सुमन रात्री सोबतीला यायला तयार झाली. व्याही पंचा बांधून, वॉकर धरून न्हाणीघरात जाऊन आले. त्यांना नाव ठेवायला काही सापडले नाही. ते मान डोलावणार, इतक्यात मागच्या दारी आवाज उठला, “काकीऽ गोऽ! बांगडे हायत ताजे!”

व्याही खाटेवर बसता बसता थांबले. “ही कोण?”

“मासळीवाली. रोज येते. आज दार उघडं बघून काकी आल्या असं वाटलं असेल,” सुमन म्हणाली.

“मग आक्का काय करतात?”

सुमन हसली. “काकी पळतच सुटतात. दुसऱ्यानं घेतलेली मासळी त्यांना चालत नाय. कल्ले उघडून बघतील तेव्हा कुठे घेतील.”

मागच्या दाराबाहेर चिऱ्याच्या उंच, शेवाळलेल्या पायऱ्या होत्या. रुग्णाचे तिकडे काम नाही, म्हणून आम्ही कुणी त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते.

व्याह्यांनी पंचा सोडला. “मास्तर, घर नापास.” भाचा माझ्याकडे पाहू लागला. “माणूस चालताना पडत नाही हो,” व्याही म्हणाले, “हाकेला ओ देताना पडतं.” मग ते सावकाश मागच्या दारी गेले, पायरीवर बसले आणि मासळीवालीशी हळू आवाजात बोलू लागले. पुढच्या बाजूने यायचे, पडवीत आक्काच्या खुर्चीसमोर पाटी उतरवायची, आणि हाक मारायची नाही.

“हाक न मारता म्हावरा इकू? चोरीचा हाय काय?” ती कडाडली. मग आत डोकावून वॉकर पाहिला आणि म्हणाली, “काकीसाठी ना? बरा, येयन.”

“आता पास,” व्याही म्हणाले.

“काका, एका मासळीवालीच्या भरवशावर?” भाच्याने विचारले.

“ठाण्याला दाराची बेल वाजत नाही काय रे?” व्याह्यांनी विचारले.

आक्का घरी आली. “व्याहीबुवा, हाक नाही, धावपळ नाही, ही काय मासळी घेणं झालं?” अशी तिची तक्रार अजून आहे, पण खुर्चीत बसून ती कल्ले उघडून पाहते, आणि आता काठी घेऊन पडवीभर फिरते.

सगळे सुरळीत झाल्यावर मी सूनबाईला सहज म्हणालो, “तुझ्या बाबांना हे सुचलं कसं, कळत नाही.” ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “आई ऑपरेशन होऊन घरी आली होती,” ती म्हणाली. “संध्याकाळी बाबा बागेतून आले आणि सवयीने अंगणातूनच हाक मारली. आई उठली.” उरलेली घडी तिने फार काळजीपूर्वक घातली.

परवा आम्ही सगळे भाट्याला जमलो होतो. मी घरामागच्या आगराच्या पार टोकाला, माडांखाली होतो. घरातून व्याही निघाले आणि उन्हातून संथ पावलांनी माझ्या दिशेने येऊ लागले. पूर्वी मी हसलो असतो, नाहीतर लांबूनच ‘काय हो?’ म्हणून ओरडलो असतो. या वेळी मी हातातली झावळी खाली ठेवली आणि ते पोहोचेपर्यंत उभा राहिलो. अगदी समोर आल्यावर त्यांनी घाम पुसला आणि हलक्या आवाजात सांगितले,

“मास्तर, चहा झालाय. सावकाश या.”