चिडाचं झाड न पाहिलेली शिष्या

श्रीरामपूरच्या बाजारपेठेतल्या वैद्य रंगनाथअण्णांच्या दुकानाची पायरी मी प्रथम चढले ती आईसाठी. तापातून उठलेल्या आईला अन्न जात नव्हतं. अण्णांनी चिलगोजे स्वतः सोलून दिले. म्हणाले, "चिडाच्या झाडाचं बी हाय. रोज चार-पाच, नीट चावून. लई न्हाई." आई सावरली, आणि मी अण्णांकडे शिकायला राहिले.

अण्णांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या विद्वत्तेवर इतर मंडळी लिहितीलच. गुडघेदुखीवरचा त्यांचा चिडाच्या डिंकाचा लेप तर तालुक्याला ठाऊक आहे. मी मात्र माझ्या चुकीविषयी लिहिणार आहे, कारण अण्णा मला खरे कळले ते त्या दिवशी.

चीड हा हिमालयातला वृक्ष; आपल्याकडे तो पोत्यातून येतो. लाकडाच्या ढलप्या, डिंक, चिलगोजे हे सगळं मी हाताळलेलं, पण झाड कधी पाहिलेलं नाही. मोबाईलवर कुणीतरी चिडाच्या हिरव्या पानांचा काढा खोकल्यावर सांगितला. शेजारच्या बंगल्यातलं शोभेचं झाड मला हुबेहूब तेच वाटलं. माझ्या धाकट्या बहिणीला, रूपालीला, पाचवा महिना होता आणि खोकला थांबत नव्हता. मी हौसेने पेलाभर काढा तिला पाजला आणि उरलेली डहाळी अण्णांना दाखवायला नेली.

अण्णांनी पान चुरगळून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, ही मोरपंखी हाय. पोटात घ्यायची न्हाई. कुनाला दिलीस?"

"रूपालीला," मी म्हणाले.

"ऊठ. रिक्षा बोलाव. डहाळी संगं घे."

रूपालीला घरून घेऊन आम्ही दवाखाना गाठला. तिथे डॉक्टरीणबाईंसमोर अण्णा हात जोडून उभे राहिले. "ही माझ्या हाताखालची. झाड वळखायला शिकवायचं माझं काम हुतं, ते ऱ्हायलं. चूक माझी हाय." मी शरमेने अर्धमेली झाले. मग आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. आत बाळाचे ठोके तपासत होते आणि बाहेर कुणी काही सांगत नव्हतं.

"भ्या वाटतंय व्हय?" अण्णांनी विचारलं. "मला बी वाटतंय."

दुपारी ठोके नीट लागले. रूपालीची मुलगी आता दोन वर्षांची आहे.

अलीकडे अण्णा मला आपल्या गादीवर बसवू पाहतात. पुडी बांधताना माझा हात अजून कापतो. मी तशी तक्रार केली, तर म्हणाले, "कापू दे. ज्या दिशी कापायचा थांबंल, त्या दिशी दुकान बंद कर."

अण्णांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या नजरेखालून न गेलेली पुडी कुणाच्या हाती देण्याची वेळ माझ्यावर उशिरा, फार उशिरा येवो.