ज्याने उघडलं, त्यानेच बंद करायचं

माझे वडील खडकीला कारखान्यात तपासणीत होते. पितळी नळकांडी मापून बघायची, मापात बसली तर स्वतःच्या नंबराचा शिक्का मारायचा, नाही बसली तर लाल रंग फासून बाजूला टाकायची. तो शिक्का ते कामावर असताना कुणाच्या हाती देत नसत. मी हिंजवडीला नोकरीला लागले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "करायचं काय असतं?" मी म्हटलं, "टेस्टिंग." तेव्हापासून क्वार्टर्समधल्या लोकांना ते ऐटीत सांगायचे, "मुलगीपण तपासणीतच आहे." माझ्या बाबतीत आयटी हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही.

मी तपासायचे ते स्टोरेज कंट्रोलर, म्हणजे सर्व्हर आणि त्याच्या डिस्क यांच्यामधलं कार्ड. नेहमीचे प्रोग्रॅम फाइल सेव्ह करतात आणि मोकळे होतात, मधलं सगळं ऑपरेटिंग सिस्टिम बघते. माझा प्रोग्रॅम थेट ड्रायव्हरमार्फत, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, कंट्रोलरला हुकूम सोडायचा: हे इथे लिही, स्वतःच्या मेमरीत काही ठेवू नकोस, सगळं डिस्कवर उतरव आणि उतरलं की सांग. तो "झालं" म्हणाला रे म्हणाला की मी वीज तोडायचे. मग पुन्हा चालू करून वाचायचे.

एरवी सगळं जागेवर असायचं. एका सकाळी नव्हतं. शेवटचा तुकडा गायब. मी आधी स्वतःवरच संशय घेतला. केबल बदलली, कार्ड बदललं, माझा कोड ओळ न् ओळ वाचून काढला. आठवडाभराने खात्री पटली की कंट्रोलर खोटं बोलतोय. कचेरीतला कारकून अर्जावर पोच देतो आणि अर्ज टेबलाखाली सारतो, तसं. रोज नाही, कधीतरीच. पण रोज दिसणारी खोट कुणीही पकडतं, त्यासाठी मला पगार नव्हता.

सोमवारी मी ती खोट बग म्हणून नोंदवली. मॅनेजर माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. काम असलं की मला ताई म्हणायचा.

"ताई, कस्टमरची वीज नेमकी त्याच क्षणी कशाला जाईल?"

"दर गुरुवारी दुरुस्तीसाठी जाते ती काय तुला विचारून जाते?"

तो हसला. मग म्हणाला, "शुक्रवारी रिलीज आहे हो. आत्ता बंद करा, पुढच्या व्हर्जनला परत उघडू. मीच केला असता, पण तुमच्याशिवाय होत नाही."

ते खरं होतं. ज्याने बग उघडला त्यानेच तो बंद करायचा, असा आमच्याकडे नियम होता. वरच्यांनी परस्पर काही दाबून टाकू नये म्हणून केलेला. नियम चांगला होता, फक्त वरच्यांनी येऊन तुमच्या खुर्चीशेजारी उभं राहायला त्यात बंदी नव्हती. तीन दिवस तो येऊन उभा राहिला. गोड बोलला, सगळी टीम तुमच्यासाठी अडलीय म्हणाला. गुरुवारी मी "पुन्हा आढळला नाही" असा शेरा लिहून बग बंद केला. आदल्याच दिवशी तो दोनदा आढळला होता. परतताना कंपनीची बस तासभर वाकडला अडकली, शेजारची मैत्रीण बोलत होती आणि मला तिच्याकडे बघण्याचीही लाज वाटत होती.

पुढचं व्हर्जन आलं आणि गेलं. तो बग कुणी उघडला नाही. मीही नाही, आणि तेव्हा तर शेजारी कुणी उभंही नव्हतं.

काही महिन्यांनी एका ग्राहकाची तक्रार आली. जुनी कागदपत्रं स्कॅन करून ठेवायचं त्यांचं काम. मशीनने "सेव्ह झालं" म्हटलं की मूळ कागद फाडून टाकायची त्यांची पद्धत. वीज गेली, परत आली, आणि शेवटची काही पानं ना डिस्कवर सापडली ना कागदावर. कुणाच्या जन्माची नोंद असेल, कुणाची आणखी कसली. मला ते कधीच कळलं नाही.

मीटिंगमध्ये मॅनेजरने तो बग भिंतीवरच्या पडद्यावर लावला. खाली माझं नाव, माझा शेरा. "बंद तर मॅडमनीच केला होता," तो म्हणाला. मला त्याचा संताप आला, अजूनही येतो. पण त्याच्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

रविवारी खडकीला गेले. बाबा मटार सोलत बसले होते. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, मॅनेजरला मनसोक्त शिव्या घातल्या. ते सोलता सोलता ऐकत होते. शेवटी विचारलं, "हात धरला होता का त्याने तुझा?"

"नाही."

"मग?"

आईने चहा आणला, आम्ही तो प्यायलो.

नोकरी टिकली. मॅनेजरला बढती मिळाली, वर्षअखेरीस मलाही मिळाली. त्याच सुमारास बाबांचे कारखान्यातले एक जुने सोबती घरी आले होते. मी पाणी घेऊन बाहेर आले, तेव्हा ते बाबांना विचारत होते, "मुलगी अजून आपल्याच लाइनीत ना?"

बाबांनी माझ्या हातून पेला घेतला.

"नाही हो," ते म्हणाले, "ती कंप्युटरमध्ये असते."